रंगीत प्रिंटर उघडताना : सुटे भाग न मोडता काढण्याचा पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु गेल्या काही वर्षांपासून आमच्या निवासी शाळेत एक छोटा पाठ नेमाने दिला जातो. तो कागदावर उतरावा, हे आम्हांस अधिक अगत्याचे वाटले. आमच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांनी आसगाव, पवनी व लाखांदूर परिसरात झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्जांची दुकाने थाटली आहेत. काही पालकांच्या घरीही आता प्रिंटर आला आहे. त्यामुळे हा पाठ शाळेच्या भिंतींपलीकडेही उपयोगी पडेल, असा आम्हांस विश्वास आहे. पाठ एका वाक्यात सांगायचा तर असा : यंत्राचा भाग सहसा त्याच्या दुबळेपणाने मोडत नाही, तो कसा बसविला आहे हे न पाहता आपण लावलेल्या जोराने मोडतो.

हा पाठ आम्ही कसा शिकलो, ते आधी सांगणे आवश्यक आहे.

एक चूक आणि तिचा पुरावा

माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला रंगीत लेझर प्रिंटर भेट दिला होता. एका वर्षी महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या सायंकाळी अभिवादन सभेची पत्रके छापणे चालू होते. इयत्ता नववीतील वसतिगृहाचा एक विद्यार्थी यंत्रापाशी बसला होता. कागद अडकला. त्याने आम्हांस बोलाविले. आम्ही दार उघडले, आत दिसणारे कागदाचे टोक धरले आणि जोराने आपल्याकडे ओढले. कागद निघाला. आम्ही समाधानाने निघून गेलो.

थोड्या वेळाने तो विद्यार्थी पुन्हा आला. आत कागद नव्हता, तरी पडद्यावर ‘कागद अडकला आहे’ हीच सूचना कायम होती. आम्ही त्यालाच रागावलो. यंत्राशी खेळलास, काहीतरी मोडलेस, असे चार मुलांसमोर बोललो. तो काही बोलला नाही. त्यानंतर तो यंत्राच्या खोलीकडे फिरकेनासा झाला. दुसऱ्या दिवशीची पत्रके हाताने लिहावी लागली.

तीन दिवसांनी प्रिंटर दुरुस्तीचे काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी पवनीहून आला. त्याने मागचे झाकण उघडले, टॉर्च धरला आणि अंगठ्याच्या नखाएवढा काळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा आमच्या हातावर ठेवला. तो म्हणाला, “सर, कागद निघाला, पण कागद निघाल्याची खबर देणारा तुटला जी.” ती सेन्सरची दांडी होती. कागद पुढे जाताना ती एका दिशेने झुकते आणि कागद गेला की स्प्रिंगच्या बळाने जागेवर येते. उलट दिशेने तिला जागाच नसते. तुटलेली कड कोणत्या बाजूला वाकली आहे, हे दाखवून तो पुढे म्हणाला, “कागद उलटा ओढला गेला. बटण दाबणाऱ्याच्या हातून हे होत नाही, ओढणाऱ्याच्याच हातून होते.”

ओढणारे आम्ही होतो. इतिहासात एम.ए. केले, पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, आणि पुरावा हाती येण्यापूर्वीच एका मुलाला दोषी ठरविले. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर आम्ही त्याची क्षमा मागितली. ती मागणे कठीण गेले, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो.

ती दांडी सुटी विकत मिळेना. तेव्हा त्या माजी विद्यार्थ्याने आपल्या दुकानातील त्याच प्रकारचा एक बंद पडलेला प्रिंटर आणला आणि त्यातून ती दांडी अख्खी काढून आमच्या यंत्रात बसविली. वीस मिनिटांच्या त्या कामात त्याने एकदाही जोर लावला नाही. नववीचा तो विद्यार्थी दाराशी उभा राहून पाहत होता. त्याला आम्ही आत बोलावून स्क्रूंची थाळी त्याच्या हाती दिली. पाठाची सुरुवात त्या दिवशी झाली.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदन्त नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. हे सारे भाग योग्य संबंधाने एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते. हे उदाहरण आम्ही अनेकदा शिकविले होते. नखाएवढी दांडी तुटताच हजारो रुपयांचे यंत्र प्रिंटर राहिले नाही, तेव्हा ते आम्हांस नव्याने उमगले.

छापण्याच्या साधनाचे मोल

प्रिंटरसारख्या वस्तूची एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या समाजाच्या इतिहासात छापण्याचे साधन सहज हाती आलेले नाही. नागपूरजवळच्या मोहपा येथे १८७९ मध्ये जन्मलेल्या किसन फागुजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे चालविली आणि त्यांसाठी स्वतःचा छापखाना उभा केला. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. मुंबईत त्यांनी भारतभूषण प्रिंटिंग प्रेस हा छापखानाही उभारला. दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून आपला शब्द पोहोचविता येत नाही, हे या पिढीने अनुभवाने ओळखले होते.

त्या काळी खिळे जुळविणाऱ्या कामगारापुढे लाकडी खणांची पेटी असे. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. पान छापून झाले की प्रत्येक खिळा पुसून त्याच्याच खणात परत टाकावा लागे. येथे आळस केला, तर दुसऱ्या दिवशीचे पान चुकलेच म्हणून समजावे. सुटे भाग सांभाळण्याची ही शिस्त आजच्या प्रिंटरलाही तितकीच लागू आहे.

आणखी एक गोष्ट. जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच श्रेणीबद्ध वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणग्रंथात मांडले. वाचणारे वर आणि हाताने काम करणारे खाली, ही सवय शिकलेल्या माणसात नकळत शिरते. आमच्यातही ती शिरली होती. यंत्र वापरणे आमचे काम आणि ते समजून घेणे दुसऱ्या कोणाचे, असे आम्ही मनोमन धरून चाललो होतो.

यंत्राच्या पोटात काय असते

न ओळखता काढलेला भाग बहुधा मोडतो. म्हणून प्रथम ओळख करून घेऊ.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन या, गरिबीत वाढलेल्या संशोधकाने आपले सहायक ऑटो कोर्नेई यांच्यासह गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर स्थितिक विजेच्या साहाय्याने पहिली कोरडी छाप उमटविली. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर ही दोन्ही याच तत्त्वाची अपत्ये आहेत.

रंगीत लेझर प्रिंटरमध्ये चार रंगांची पूड असते : निळसर म्हणजे सायन, गुलाबीसर म्हणजे मॅजेन्टा, पिवळा आणि काळा. या पुडीला टोनर म्हणतात. प्रत्येक रंगासाठी एक ड्रम, म्हणजे चकचकीत लेपाची नळी असते. ड्रमवर विजेचा भार दिला जातो, लेझरचा किरण त्यावर चित्र काढतो आणि किरण पडलेल्या जागी टोनर चिकटतो. बहुतेक यंत्रांत चारही रंग एका रुंद पट्ट्यावर एकावर एक उतरतात आणि तेथून कागदावर जातात. या पट्ट्याला ट्रान्सफर बेल्ट म्हणतात. शेवटी फ्यूजर नावाचा तापलेला भाग ती पूड वितळवून कागदात पक्की करतो. त्याचे तापमान पावणेदोनशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटरपेक्षा रंगीत प्रिंटर अधिक नाजूक का, याचे उत्तर यातच आहे. चार रंगांचे ठिपके नेमके एकमेकांवर पडावे लागतात. कोणताही भाग किंचित तिरका बसला, तरी अक्षरांच्या कडेला दुसऱ्या रंगाची सावली दिसू लागते.

उघडण्यापूर्वी

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि आपल्या परिसरातील प्राचीन स्तूप प्रकाशात आला. उत्खननात सर्वांत वरचा थर आधी निघतो, कारण तो सर्वांत शेवटी साचलेला असतो. वस्तू हलविण्यापूर्वी ती कोठे आणि कशी होती, याची नोंद व छायाचित्र घेतात. प्रिंटरचेही असेच आहे. कारखान्यात जो भाग शेवटी बसविला, तो आधी निघतो. मधला भाग आधी ओढू गेल्यास तो मोडतो किंवा शेजाऱ्याला मोडतो.

म्हणून हाताला पेचकस लावण्यापूर्वी पुढील तयारी करावी.

१. प्रिंटर बटणाने बंद करावा, आतला पंखा व हालचाल थांबू द्यावी आणि मगच पिन बोर्डातून काढावी. केवळ बटण बंद करून आत हात घालू नये. वीजपुरवठ्याच्या बोर्डावर पिन काढल्यानंतरही काही काळ भार राहतो. त्या बोर्डाला हात लावू नये.

२. छपाई नुकतीच झाली असेल, तर किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेला फ्यूजर हात भाजतो आणि गरम असताना त्याच्या रबरी रोलरवर लवकर वळ उमटतो.

३. टेबलावर स्वच्छ, फिकट रंगाचे कापड अंथरावे. पडलेला स्क्रू त्यावर दिसतो आणि घरंगळत नाही.

४. स्क्रूंसाठी खणांची थाळी घ्यावी. जेवणातून कायमची बाद केलेली वसतिगृहाची थाळी आम्ही यासाठी वापरतो. प्रत्येक टप्प्याला एक खण आणि खणात चिठ्ठी : ‘मागचे झाकण’, ‘डावी बाजू’.

५. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलने दोन छायाचित्रे घ्यावीत, एक दुरून आणि एक जवळून. वायरीचा रंग व वळण दिसले पाहिजे.

६. अंगातील स्थितिक वीज उतरवावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते आणि नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे अंगाला घासले की चटका बसण्याइतकी वीज साचते. कार्लसन यांनी जिच्या बळावर छाप उमटविली, तीच वीज बोटातून उतरून बोर्डावरील चिप जाळू शकते. सुती कपडे घालावेत आणि प्रिंटरच्या आतील उघड्या धातूच्या सांगाड्याला अधूनमधून हात लावावा.

स्क्रू आणि झाकणे

यंत्रात प्रामुख्याने दोन प्रकारचे स्क्रू असतात. विरळ आट्यांचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसतात आणि दाट आट्यांचे धातूमध्ये. त्यांची अदलाबदल झाली की भोकातील आटे जातात. लांब स्क्रू आखूड जागी लावला, तर त्याचे टोक आतील बोर्डाला किंवा वायरीला भोसकते.

पेचकस स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसणाराच हवा. जपानी बनावटीच्या अनेक यंत्रांत चौफुलीची खाच नेहमीच्या पेचकसाला थोडी वेगळी असते. त्यात साधा पेचकस घसरतो आणि खाच गुळगुळीत होते. पेचकस आधी घट्ट दाबावा, मग फिरवावा. पहिल्याच प्रयत्नात घसरला तर तेथेच थांबून दुसरे टोक लावावे.

स्क्रू निघाले तरी झाकण निघत नाही, असा अनुभव सर्वांना येतो आणि बहुतेक मोडतोड याच क्षणी होते. झाकण हलत नसेल, तर एखादा स्क्रू किंवा खटका राहिला आहे, असे समजावे. स्टिकरखाली, रबरी पायाखाली, कागदाच्या ट्रेच्या मागे आणि कार्ट्रिजच्या खणात पाहावे. खटका कोणत्या बाजूला दबतो हे टॉर्चने पाहून प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने त्याला मधोमध दाबावे. लोखंडी पेचकस घालून उचकटू नये. जुन्या यंत्राचे प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ झालेले असते. त्याला दुप्पट सवड द्यावी. झाकण सुटल्यावरही एकदम उचलू नये. त्याच्या आतून बटणांच्या पट्टीची वायर गेलेली असते. आधी दोन बोटे उचलून आत डोकवावे.

दांड्यांवर बसविलेली इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराची छोटी क्लिप काढताना तिच्यावर दुसऱ्या हाताने फडके धरावे. ती उडाली की सापडत नाही. स्प्रिंग काढण्यापूर्वी तिची दोन्ही टोके कोठे अडकली आहेत, ते चित्रात टिपावे.

वायरी आणि चपट्या पट्ट्या

वायर ओढून कधीही काढू नये. तिच्या टोकाचे प्लॅस्टिकचे सॉकेट दोन बोटांनी धरावे आणि खटका असल्यास तो दाबून सरळ बाहेर घ्यावे. कागदासारख्या चपट्या पट्ट्यांबाबत अधिक सावध असावे. त्या बऱ्याचदा एका बारीक कुलपाने धरलेल्या असतात. काही ठिकाणी हे कुलूप वर उचलायचे असते, काही ठिकाणी दोन्ही कडांनी किंचित बाहेर सरकवायचे असते. ते नखाने हळूच सोडवावे आणि मगच पट्टी सरळ रेषेत काढावी. पट्टीवर घडी पडू देऊ नये, कारण घडीत आतील तार तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टीची उघडी तांबूस-चंदेरी बाजू वर होती की खाली, याची नोंद अवश्य घ्यावी. उलटी बसविलेली पट्टी बोर्ड जाळू शकते.

भागनिहाय काळजी

*टोनर कार्ट्रिज.* आडवे धरून, त्याच्या मुठीनेच बाहेर काढावे. झटका देऊ नये. त्यावरील चिपच्या सोनेरी ठिपक्यांना बोट लावू नये. चारही कार्ट्रिज ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावे. पूड सांडल्यास फुंकर मारू नये आणि घरगुती व्हॅक्यूमही लावू नये. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपावी. हात-कपडे थंड पाण्यानेच धुवावेत. गरम पाण्याने पूड मऊ होऊन चिकटते.

*ड्रम.* ड्रमवरील प्रकाशसंवेदी लेप केसाहूनही पातळ असतो. बोटाचा ठसा, नखाचा ओरखडा किंवा उन्हाचा मारा यांपैकी काहीही झाले, तरी त्याची खूण पानापानावर उमटते. ड्रम दोन्ही टोकांना धरून काढावा आणि लगेच काळ्या कापडात गुंडाळून अंधाऱ्या जागी ठेवावा. उन्हाच्या खिडकीजवळ हे काम करूच नये.

*ट्रान्सफर बेल्ट.* कडेच्या मुठी धरूनच उचलावा. चकचकीत पृष्ठभागाला हात लावू नये आणि तो भाग टेबलावर पालथा घालू नये. बेल्टखाली स्क्रू पडला असेल, तर तो चिमट्याने ओढत न आणता बेल्ट उचलून काढावा.

*फ्यूजर.* पूर्ण थंड झाल्यावरच काढावा. त्याच्या बाजूला दाब सोडण्याचे दोन खटके असतील, तर ते आधी सोडवावेत. अडकलेला कागद काढतानाही हाच नियम आहे. आधी दाब सोडवावा, मग दोन्ही हातांनी, सावकाश, कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने ओढावा. आमची चूक नेमकी येथेच झाली होती.

*लेझरची पेटी.* ती उघडू नये. आतील आरसे व भिंगे कारखान्यात जुळविलेली असतात. वीज चालू असताना झाकणाचा खटका फसवून आत डोकावणे डोळ्यांसाठी घातक आहे.

*कागद उचलणारे रोलर.* बरेच रोलर एका छोट्या प्लॅस्टिकच्या जिभेने धरलेले असतात. ती जीभ बाहेरच्या बाजूला किंचित उचलून रोलर सरकवावा. रबरी भाग पिळून ओढल्यास जीभ तुटते.

बरेच उत्पादक वापरणाऱ्याने हाताळावयाचे खटके हिरव्या किंवा निळ्या रंगात देतात. नवख्याने आधी त्या रंगांचेच भाग हाताळावेत. इतर भागांना हात लावताना जाणकार शेजारी असावा.

शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर

घरी आणि लहान दुकानांत बहुधा शाईच्या टाकीचा प्रिंटर असतो. त्याचे धोके वेगळे आहेत. यंत्र तिरपे किंवा उभे करू नये; शाई आत वाहते. टाकीला वाहतुकीचे कुलूप असल्यास हलविण्यापूर्वी ते बंद करावे. शाईचे हेड उजव्या टोकाला कुलपात बसलेले असते, त्याला हाताने रेटू नये. हेडच्या मागे ताणलेली पारदर्शक पट्टी साधी दिसली, तरी तिच्यावरील सूक्ष्म रेघा वाचूनच हेडला आपली जागा कळते. तिला बोटांचे तेल लागले किंवा ती निसटली, की हेड कडेला जाऊन आपटते. हेडची चपटी पट्टी परत लावताना तिच्यावर शाईचा एकही थेंब नसावा. त्या थेंबाने विजेचा मार्ग चुकतो आणि हेडबरोबर बोर्डही जातो.

परत जोडताना आणि नेताना

काढण्याच्या उलट क्रमाने जोडावे. प्लॅस्टिकमधील स्क्रू बसविताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो बसल्याची बारीक ‘टक’ जाणवली, की सुलटा फिरवून बेताने आवळावा. शेवटी थाळीचे सर्व खण रिकामे हवेत. एक स्क्रू उरला असेल, तर वीज लावू नये. तो कोठला हे शोधावे. सुरू केल्यावर यंत्रातील रंग जुळविण्याची प्रक्रिया चालवून एक चाचणी पान काढावे.

यंत्र दुरुस्तीसाठी दुसऱ्या गावी न्यावयाचे असल्यास टोनर कार्ट्रिज काढून वेगळे गुंडाळावेत. मोटारसायकलवर मांडीत धरून नेलेल्या प्रिंटरमध्ये रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर पूड सांडते. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वारंवार अडकतो. कागदाचे गठ्ठे बंद पिशवीत ठेवले, तर प्रिंटर उघडण्याची वेळच कमी येते. बाद झालेले यंत्र आणि रिकामे कार्ट्रिज उकिरड्यावर टाकू नयेत किंवा जाळू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. त्याआधी त्यातील उपयोगी भाग जपून काढून ठेवावेत. आमच्या प्रिंटरला अशाच एका बंद यंत्राने जीव दिला, हे आम्ही विसरलेलो नाही.

कोठे थांबावे

थांबण्याची जागा ओळखणे हाही या पाठाचा भाग आहे. भाग हलत नाही आणि का हलत नाही हे दिसत नाही. स्क्रूची खाच जाऊ लागली आहे. जळका वास येतो. किंवा समोर वीजपुरवठ्याचा बोर्ड अथवा लेझरची पेटी आहे. या चारही प्रसंगी हात मागे घ्यावा, घेतलेली छायाचित्रे जाणकाराला दाखवावीत आणि आपण काय केले ते खरे सांगावे. ‘आम्ही काहीच केले नाही’ असे म्हणणाऱ्या ग्राहकामुळे दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ जातो, असे आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचे सांगणे आहे.

आज आमच्या शाळेत प्रिंटरच्या खोलीत एक वही टांगलेली आहे. कोणता भाग कधी काढला, कोणी काढला, काय आढळले आणि चूक झाली असल्यास कोणाकडून, हे तीत लिहिले जाते. पहिल्या पानावरील नोंद आमच्या हस्ताक्षरात आहे : ‘५ डिसेंबर. कागद उलट दिशेने ओढला. सेन्सरची दांडी तुटली.’ त्यापुढे आमची सही आहे. नवीन मुले ती नोंद वाचतात, हसतात आणि मग स्वतःच्या चुकाही न लपविता लिहितात. त्या वहीमुळे मोडतोड थांबली असे नाही, परंतु ती कोणाच्या माथी मारली जाणे मात्र थांबले.

नववीतील तो विद्यार्थी पुढे शाळेतून बाहेर पडला. जाण्यापूर्वी त्याने खालच्या वर्गातील दोन मुलांना खणांची थाळी कशी लावायची हे शिकविले. वहीत त्या दिवशीची नोंद त्याच्या हातची आहे : ‘रोलर काढला, पुसला, बसविला. काही मोडले नाही.’

जय भीम. नमो बुद्धाय.